मंद्र सुराचा भार : रेगे ध्वनिसंचासाठी विवर्धकाची निवड

विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या अखेरीस जमैका बेटाची राजधानी किंग्स्टन येथे करमणुकीचा एक नवा प्रकार उदयास आला. नाचगाण्यासाठी वादकांचा ताफा बोलाविणे सामान्य माणसाला परवडत नसे. तेव्हा काही हौशी व्यावसायिकांनी ग्रामोफोनच्या तबकड्या, एक शक्तिशाली विवर्धक आणि कपाटाएवढ्या लाकडी पेट्यांत बसविलेले ध्वनिक्षेपक गाडीत घालून वस्तीवस्तीतून नेण्यास आरंभ केला. या सर्व सामग्रीला आणि ती चालविणाऱ्या मंडळींना मिळून 'साउंड सिस्टिम' म्हणजे ध्वनिसंच असे नाव पडले. टॉम वाँग यांचा 'टॉम द ग्रेट सेबॅस्टियन' हा संच त्यांतील अग्रेसर. त्याचा विवर्धक हेडली जोन्स यांनी बनविला होता. जोन्स हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडार यंत्रणेवर काम करून परतलेले तंत्रज्ञ होते. पुढे ड्यूक रीड व कॉक्सन डॉड यांचे संच नावारूपास आले. आणि रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारे ऑस्बोर्न रडॉक, ऊर्फ किंग टबी, यांनी स्वतःच्या हाताने जुळविलेल्या उपकरणांतून ध्वनीला नवे रूप दिले. १९६८ च्या सुमारास जन्मलेले रेगे संगीत अशा संचांच्या सान्निध्यातच वाढले. म्हणून या संगीतात विवर्धक हे केवळ साधन नाही. तंबोऱ्याला जसा भोपळा, तसा रेगेला विवर्धक व त्याची पेटी.

ही परंपरा भारतात येण्यास बराच काळ लागला. २००९ साली दिल्लीत 'रेगे राजाज' हा गट स्थापन झाला, आणि याच गटाच्या पुढाकाराने २०१६ पासून गोव्यात 'गोवा सनस्प्लॅश' हा रेगे महोत्सव सुरू झाला. दिल्लीतीलच तारू दालमिया, जे 'दिल्ली सल्तनत' या नावाने गातात, आणि समारा चोप्रा, ज्या 'बेगम एक्स' या नावाने ओळखल्या जातात, यांनी लोकांकडून वर्गणी गोळा करून जमैकन धर्तीचा स्वतंत्र ध्वनिसंच उभारला. 'बास फाउंडेशन रूट्स' हे त्याचे नाव. २०१८ च्या कोची-मुझिरिस बिनाले या कलाप्रदर्शनातही त्याचा समावेश होता.

वर्गणीतून उभ्या राहिलेल्या अशा उपक्रमात प्रत्येक रुपयाला अनेक धनी असतात. सायंकाळी सात वाजता लोक जमले, साडेसातला विवर्धक जळाला आणि आठ वाजता सर्वजण मुकाट्याने घरी परतले, तर नुकसान केवळ यंत्राचे होत नाही. म्हणूनच विवर्धकाची निवड हा जाहिरातीतील आकडे पाहून उरकण्याचा विषय नव्हे. ती कशी करावी, याची तत्त्वे या प्रकरणात पाहावयाची आहेत.

ध्वनिसंचाची अंगे

आपल्या संगीतात मंद्र, मध्य व तार अशी तीन सप्तके मानली जातात. ध्वनिसंचाची रचनाही साधारणतः अशीच त्रिविध असते. तबकडीवरून आलेला दुर्बळ विद्युत् संकेत प्रथम पूर्वविवर्धकात, म्हणजे प्रीअँपमध्ये, जातो. तेथे चालक हवा तो भाग उचलतो वा दाबतो. त्यानंतर क्रॉसओव्हर नावाचा विभाजक या संकेताचे कंप्रतेनुसार तुकडे पाडतो. साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग मंद्र पेट्यांकडे, त्यावरील भाग मध्य पेट्यांकडे आणि काही हजार हर्ट्झच्या वरचा भाग तार स्वरांच्या छोट्या ध्वनिक्षेपकांकडे जातो. प्रत्येक विभागाला आपला स्वतंत्र विवर्धक असतो.

या विभागणीतच निवडीचे पहिले सूत्र दडलेले आहे. तिन्ही विभागांचे काम सारखे नाही. तेव्हा तिन्ही ठिकाणी एकाच जातीचा विवर्धक वापरलाच पाहिजे, असे नाही. तार स्वरांसाठी थोडी शक्ती पुरते, पण तेथे बारीकशी खरखरही कानाला टोचते. मंद्र स्वरांचे नेमके उलट आहे. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंप्रता सुमारे ४१ हर्ट्झ असते, आणि हवेतील तिच्या एका लहरीची लांबी जवळजवळ साडेआठ मीटर भरते. एवढी लहर उठवायची तर पुष्कळ हवा हलवावी लागते. पखवाजाच्या धुमेवर भिजविलेली कणीक थापल्याशिवाय तिला खर्जाचे वजन येत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. ध्वनिक्षेपकालाही मंद्र स्वरासाठी असाच भार लागतो, आणि तो वाहण्याचे काम विवर्धकाला करावे लागते.

वॅट आणि डेसिबल

विवर्धकाची शक्ती वॅटमध्ये मोजतात. मात्र वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट झाला, ही समजूत चुकीची आहे. शक्ती दुप्पट केली असता ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. हा फरक कानाला जाणवतो, पण थोडाच. आवाज दुपटीने मोठा वाटावा, तर पातळी सुमारे १० डेसिबलने वाढावी लागते, म्हणजे शक्ती दसपट करावी लागते.

उलट, ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता थोडी जरी अधिक असली, तरी लाभ मोठा होतो. एक वॅट शक्ती दिली असता एक मीटर अंतरावर ९५ डेसिबल देणारी पेटी आणि ९८ डेसिबल देणारी पेटी यांत दुसरी निवडली, तर निम्म्या शक्तीच्या विवर्धकात तेवढेच काम होते. त्याचप्रमाणे दोन मंद्र पेट्या शेजारीशेजारी ठेवल्या, तर त्या एकमेकींना साहाय्य करतात. पेट्या व शक्ती दोन्ही दुप्पट केल्यास पातळी ३ नव्हे, तर सुमारे ६ डेसिबलने वाढते. तेव्हा हाताशी थोडे पैसे असतील, तर ते अधिक वॅटवर खर्च करण्यापूर्वी अधिक चांगल्या पेटीवर खर्च करावेत. लाकूड स्वस्त पडते, आणि ते तापत नाही.

विवर्धकांचे वर्ग

विवर्धक विजेचे रूपांतर ध्वनिसंकेतात कोणत्या पद्धतीने करतो, त्यावरून त्याचे वर्ग पडतात. या वर्गांना रोमन अक्षरांची नावे आहेत.

सर्वांत जुनी जात निर्वात नलिकांची, म्हणजे जुन्या रेडिओतील 'व्हॉल्व्ह'ची. किंग्स्टनचे आरंभीचे संच याच नलिकांवर चालत. १९५६ साली ब्रिटनच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बाजारात आणलेली केटी ८८ ही नलिका ध्वनिसंचवाल्यांमध्ये विशेष प्रिय ठरली. तिच्या आवाजाची गोलाई आजही नावाजली जाते. नलिका मर्यादेपलीकडे गेली तरी संकेत एकदम न फाटता हळूहळू वाकतो, हे त्याचे कारण. पण हिशेब कठोर आहे. केटी ८८ च्या एका जोडीतून फार तर १०० वॅट मिळतात. ३,२०० वॅट हवे असतील, तर अशा ६४ नलिका लागतील. आणि प्रत्येकीची तार लाल तापवत ठेवण्यासाठी सुमारे १० वॅट, म्हणजे एकही स्वर न वाजविता सहाशेहून अधिक वॅट खर्ची पडतील. शिवाय आतील विद्युत् दाब ५०० व्होल्टच्या पुढे असल्याने नवशिक्याने त्याला हात लावणे धोक्याचे आहे. मध्य वा तार विभागासाठी लहानसा नलिका-विवर्धक ठेवणे समजण्यासारखे आहे. मंद्रासाठी तो आता बहुधा हौसेचा विषय उरला आहे.

ट्रांझिस्टरच्या विवर्धकांत पहिला वर्ग 'ए'. यात ट्रांझिस्टरमधून प्रवाह अखंड वाहत असतो, संकेत असो वा नसो. मोट रिकामी असली तरी बैल धावेवर फिरतच राहावेत, तसा हा प्रकार. विकृती अत्यल्प, पण कार्यक्षमता तत्त्वतःदेखील ५० टक्क्यांच्या वर जात नाही. घरातील शांत श्रवणासाठी तो ठीक, मैदानासाठी नाही.

'बी' वर्गात काम दोघांत वाटलेले असते. लांब करवत दोन सुतार दोन टोकांनी ओढतात. एक ओढतो तेव्हा दुसरा विसावतो. त्याचप्रमाणे लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रांझिस्टर सांभाळतो व खालचा अर्धा दुसरा. कार्यक्षमता अधिकाधिक ७८.५ टक्के होऊ शकते. मात्र हातबदल होताना करवतीला हिसका बसावा, तशी लहरीच्या मध्यावर विकृती उत्पन्न होते. ती टाळण्यासाठी एकाने सोडण्यापूर्वीच दुसऱ्याने धरावे, अशी योजना केली की 'एबी' वर्ग होतो. गेली कित्येक दशके जगातील बहुतेक विवर्धक याच वर्गाचे होते.

'जी' व 'एच' हे एबी वर्गाचेच सुधारलेले प्रकार होत. यांत विद्युत् दाबाच्या दोन वा अधिक पायऱ्या असतात. संकेत लहान असताना खालच्या पायरीवरून काम चालते, मोठी लहर आली की वरची पायरी जोडली जाते. चढ आल्यावर मोटारीचा गिअर बदलावा, तसे हे आहे. उष्णता त्यामुळे कमी होते, आणि जडपणा मात्र राहतो.

'डी' वर्गाची रीत अगदी निराळी आहे. त्यातील ट्रांझिस्टर कधीही अर्धवट उघडे नसतात. ते एक तर पूर्ण उघडे वा पूर्ण बंद असतात, आणि ही उघडझाप सेकंदाला काही लाख वेळा होते. नळाची तोटी अर्धवट न पिळता ती किती काळ उघडी ठेवावी यावरून बादलीतील पाणी ठरवावे, तसे येथे उघडण्याच्या कालावधीवरून लहरीची उंची ठरते. शेवटी एक गाळणी या तुकड्यांतून अखंड लहर काढते. अर्धवट उघडेपणातच उष्णता निर्माण होत असल्याने या वर्गाची कार्यक्षमता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचते. 'डी' हे 'डिजिटल' या शब्दाचे आद्याक्षर आहे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ते ए, बी, सी यांच्यानंतर येणारे अक्षर, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दीर्घ स्वराची कसोटी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चित्रपटगीतात वा भाषणात शक्तीची मागणी क्षणोक्षणी वरखाली होते. म्हणून सर्वसाधारण वापरात विवर्धक सरासरीने आपल्या पूर्ण शक्तीच्या एक-अष्टमांश काम करतो, असे गृहीत धरतात. रेगेमध्ये, विशेषतः त्याच्या डब नावाच्या प्रकारात, बास गिटारचा स्वर पूर्ण मात्राभर भरून राहतो. लय मिनिटाला ७५ मात्रांची असेल, तर एक मात्रा ०.८ सेकंदाची होते, आणि ४१ हर्ट्झच्या सुमारे तेहतीस लहरी तिच्यात एकामागून एक येतात. अशा वेळी मंद्र विभागाची सरासरी मागणी एक-तृतीयांश धरणे अधिक सुरक्षित असते.

या फरकाचे महत्त्व पुढील हिशेबावरून कळेल. एक हजार वॅटचा आदर्श बी वर्गाचा विवर्धक पूर्ण शक्तीने चालला, तर तो सुमारे २७० वॅट उष्णता बाहेर टाकतो. एक-तृतीयांश शक्तीवर चालताना मात्र तो सुमारे ७३५ वॅट वीज घेतो, ३३३ वॅट ध्वनिक्षेपकाला देतो आणि ४०० वॅटची उष्णता करतो. म्हणजे विवर्धक सर्वांत अधिक तापतो तो पूर्ण शक्तीवर नव्हे, तर तिच्या तिसऱ्या ते चाळीस टक्के हिश्शाच्या आसपास. आणि रेगेचा मंद्र स्वर नेमका तेथेच ठाण मांडून बसतो. लग्नाच्या वरातीत वर्षानुवर्षे निर्धोक चाललेला विवर्धक रेगेच्या एका सायंकाळी का जळतो, याचे एक मोठे कारण येथे आहे.

दुसरी कसोटी काळाची. शक्तीचे आकडे कोणत्या परीक्षेवरून काढले, हे विचारल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो. टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून छापलेले हजारो वॅट वाचकांना आठवत असतील. त्या आकड्यांचा प्रत्यक्षाशी फारसा संबंध नव्हता. आजही काही हलक्या विवर्धकांची शक्ती १,००० हर्ट्झच्या, अवघ्या २० मिलिसेकंद टिकणाऱ्या संकेतावर मोजलेली असते. ४१ हर्ट्झच्या एका लहरीलाच २४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ती परीक्षा संपते, तेव्हा आपला स्वर पहिली लहरही पुरी करीत नाही. कागदावरचे दोन हजार वॅट दीर्घ स्वरावर निम्म्यावर येऊ शकतात. म्हणून खरेदी करताना प्रश्न विचारावा तो असा : ४० हर्ट्झवर, ठरलेल्या संरोधावर, दोन्ही वाहिन्या चालू असताना, हा विवर्धक किती सेकंद किती वॅट देतो?

हा दोष डी वर्गाचा नव्हे, त्याच्या वीजपुरवठ्याच्या भागाचा आहे. ज्याचा पुरवठा-भाग दीर्घ भारासाठी बांधलेला आहे, असा डी वर्गाचा विवर्धक मंद्र स्वर उत्तम सांभाळतो. ज्याचा तसा नाही, तो पहिल्या ठोक्याला दमदार वाटतो आणि स्वर लांबला की धापा टाकतो.

ऊन, धूळ आणि जनित्र

दिल्लीत मे-जूनमध्ये तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. बंद कपाटात रचलेल्या विवर्धकांभोवतीची हवा ५५ अंशांवर जाणे अवघड नाही. येथील बाजारात सर्रास मिळणाऱ्या २एससी५२०० या ट्रांझिस्टरच्या गाभ्याची कमाल मर्यादा १५० अंश आहे. भोवतालची हवा २५ अंश असेल, तर तापण्याला १२५ अंशांचा वाव असतो. ती ५५ अंश झाली की ९५ अंशच उरतात. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटते. त्यात धुळीने पंख्याच्या जाळ्या तुंबल्या की उरलेला वावही संपतो. जाळी काढून धुता येते की नाही, आणि पंखा हवा समोरून आत घेऊन मागे सोडतो की उलट, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबी येथे निर्णायक ठरतात. एकावर एक रचलेल्या दोन विवर्धकांचे पंखे परस्परविरोधी दिशांना असतील, तर एकाचा उच्छ्वास दुसऱ्याचा श्वास होतो.

विजेचीही तीच कथा. मैदानात बहुधा जनित्रावर काम चालते, आणि भार येताच त्याचा दाब खाली येतो. साध्या रोहित्राच्या विवर्धकाला २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले, तर त्याची शक्ती जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. चांगल्या प्रतीचा स्विचिंग पद्धतीचा पुरवठा-भाग, विशेषतः ज्यात शक्तिगुणक सुधारण्याची व्यवस्था आहे असा, दाब खाली गेला तरी आतील दाब स्थिर ठेवतो व जनित्रावरचा ताणही कमी करतो. याउलट, स्वस्त स्विचिंग पुरवठा दाबाच्या चढउतारांनी चटकन दगावतो, तर जड रोहित्र ते निमूटपणे सोसते. तेव्हा 'हलका की जड' हा खरा प्रश्न नव्हे. 'आपल्या मैदानात कोणत्या प्रकारची वीज मिळणार' हा खरा प्रश्न आहे.

तार आणि संरोध

ध्वनिक्षेपकावर छापलेला संरोध ८ ओहमचा असतो, आणि अशा दोन पेट्या समांतर जोडल्या की ४ ओहम होतात. संरोध कमी झाला की विवर्धकाकडून अधिक प्रवाह ओढला जातो. अनेक विवर्धक २ ओहमवर मोठी शक्ती देतात अशी जाहिरात होते. ती शक्ती मिळतेही, पण उष्णता वाढते आणि तारेतील हानी दुणावते. म्हणून मंद्र विभागासाठी ४ ओहमवर थांबणे शहाणपणाचे. दोन वाहिन्या जोडून एक करण्याच्या पद्धतीत तर ८ ओहमची पेटी प्रत्येक वाहिनीला ४ ओहमची भासते, हे ध्यानात ठेवावे.

तारेचा हिशेब पुष्कळदा विसरला जातो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेची २० मीटरची जोडी घेतली, तर तिचा जाता-येता रोध सुमारे ०.२८ ओहम होतो. ४ ओहमच्या भारावर यामुळे पेटीला मिळणारी शक्ती जवळजवळ आठव्या हिश्शाने घटते. त्याहून वाईट म्हणजे, ध्वनिक्षेपकाचा पडदा थांबविण्याची विवर्धकाची पकड ढिली होते आणि स्वर संपल्यावरही पडदा झुलत राहतो. हजार रुपयांच्या तारेत कसर करून लाखाच्या विवर्धकाचा गुण घालविण्यासारखे हे आहे. विवर्धक पेट्यांच्या मागेच, तीन-चार मीटरवर ठेवावा. लांबचा प्रवास दुर्बळ संकेताला करू द्यावा.

एक हिशेब

समजा, एका लहान संचात चार मंद्र पेट्या आहेत. प्रत्येकीत १८ इंची, ८ ओहमचा, ८०० वॅट सातत्याने सोसणारा ध्वनिक्षेपक आहे. दोन-दोन पेट्या एकेका वाहिनीवर जोडल्यास ४ ओहमवर प्रत्येकी १,६०० वॅट, एकूण ३,२०० वॅट लागतील. सरासरी मागणी एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे १,०७० वॅट.

हे काम एबी वर्गाच्या विवर्धकाने केले, तर तो आदर्श स्थितीतही सुमारे २,३५० वॅट वीज घेईल व १,२८० वॅटहून अधिक उष्णता टाकील. तेच काम ८५ टक्के कार्यक्षमतेच्या डी वर्गाने केले, तर १,२६० वॅट वीज पुरेल आणि उष्णता १९० वॅटच्या आसपास राहील. दोहोंतील फरक १,१०० वॅटचा. म्हणजे विवर्धकाच्या कपाटात एक हजार वॅटची इस्त्री रात्रभर चालू ठेवण्याइतका, आणि वर थोडा. दिल्लीच्या जूनमध्ये, भाड्याच्या जनित्रावर, हा फरक उपेक्षणीय नाही.

अशा संचाला पुढील योजना योग्य ठरेल. मंद्रासाठी सातत्यक्षम पुरवठा-भाग असलेला डी वर्गाचा विवर्धक. वीज चांगली असेल व वाहतुकीला माणसे असतील, तर एच वर्गाचा जड विवर्धकही चालेल. मध्य विभागासाठी साधा, प्रामाणिक एबी वर्गाचा विवर्धक. तेथे सरासरी मागणी थोडी असल्याने उष्णतेचा प्रश्न उरत नाही. तार विभागासाठी शंभर-दोनशे वॅटचा एबी वर्ग पुरे, मात्र त्याची स्वतःची घरघर अत्यल्प हवी. या सर्वांच्या आधी दोन रखवालदार अवश्य नेमावेत : ३० हर्ट्झच्या खालचे निरुपयोगी कंप अडविणारी गाळणी, आणि संकेताला मर्यादा घालणारा लिमिटर. विवर्धक आपल्या मर्यादेला आदळला की लहरीचा माथा सपाट होतो, तिची सरासरी शक्ती वाढते आणि ध्वनिक्षेपकाची तार करपते. विवर्धक ध्वनिक्षेपकाच्या क्षमतेहून थोडा अधिक शक्तीचा घ्यावा, आणि लिमिटरने त्याला आवरावे. दुबळा विवर्धक पिळून काढण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

दुरुस्तीचा प्रश्न

दिल्लीत लाल किल्ल्यासमोर लाजपतराय मार्केट आहे. ध्वनिसामग्रीचा आणि सुट्या भागांचा हा जुना बाजार. एबी वर्गाचा विवर्धक बिघडला, तर लागणारे ट्रांझिस्टर येथे मिळतात व ते बसविणारे कारागीरही भेटतात. नकली ट्रांझिस्टरांचा सुळसुळाट असल्याने खरेदी जपून करावी लागते, हे खरे. डी वर्गाच्या विवर्धकातील भाग डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढे असतात. बिघाड झाल्यास बहुधा अख्खी पाटीच बदलावी लागते, आणि ती मिळण्यास आठवडे जाऊ शकतात. म्हणून डी वर्गाची निवड करणाऱ्याने एक जादा विवर्धक बाळगावा, अथवा मध्य विभागाचा विवर्धक वेळप्रसंगी मंद्राला जोडता येईल, अशी रचना आधीच करून ठेवावी.

सभा-समारंभांसाठी मिळणाऱ्या विवर्धकांविषयीही सांगणे आवश्यक आहे. दिल्लीत १९४० साली स्थापन झालेल्या अहुजा रेडिओज यांसारख्या उत्पादकांमुळे अशी उपकरणे गावोगाव पोहोचली. शाळा, मंदिर, रेल्वे फलाट येथे १०० व्होल्टच्या वाहिनीवर दूरदूरचे भोंगे जोडून भाषण पोहोचविण्यासाठी ती पद्धत उत्कृष्ट आहे. पण तीत प्रत्येक भोंग्याबरोबर असणारे लहान रोहित्र ४१ हर्ट्झचा स्वर वाहून नेण्यासाठी बनविलेलेच नसते. तेव्हा हा दर्जाचा प्रश्न नव्हे, कामाचा आहे.

शेजाऱ्याचा कान

शेवटी, शक्ती मिळाल्यावर ती किती वापरावी, हेही निवडीचेच अंग आहे. कोल्हापूर-सांगलीकडे मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला लोक 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बी या अभियंत्याने १९६५ साली स्थापन केलेल्या कंपनीचे पहिले काम ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याचे होते. नको तो आवाज घालविणाऱ्याचे नाव नको तेवढ्या आवाजाला मिळावे, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, आणि मोकळ्या जागी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक वापरण्यास बंदी आहे. वर्षातील ठराविक दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. मात्र मंद्र स्वराबाबत मापकावर विसंबून चालत नाही. ज्या 'ए' भारित मोजपट्टीवर हे डेसिबल मोजतात, ती मानवी कानाच्या धाटणीची असल्याने ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी दाखविते. काटा निश्चिंत असतो आणि शेजारच्या घरातील भांडी मांडणीवर थरथरत असतात. श्रोत्यांनाही धोका आहेच : ८५ डेसिबलमध्ये आठ तास सुरक्षित मानले, तर दर ३ डेसिबलला हा काळ निम्मा होतो, आणि १०० डेसिबलला तो अवघा पंधरा मिनिटे उरतो.

म्हणून उत्तम ध्वनिसंच तो, ज्याचा विवर्धक अर्ध्या ताकदीवर आरामात चालतो, ज्याच्यासमोर उभ्या दोघांना एकमेकांच्या कानाशी न ओरडता बोलता येते, आणि ज्याचा मंद्र स्वर तरीही छातीत उतरतो. अशा संचाचा विवर्धक मध्यरात्री जळत नाही, आणि ज्यांच्या वर्गणीतून तो घेतला, त्यांना तो पुढल्या सायंकाळीही ऐकावयास मिळतो. विवर्धक निवडताना वॅट किती, हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी विचारावे : कोणता स्वर, किती वेळ, कोणत्या हवेत, कोणत्या विजेवर आणि कोणाच्या शेजारी? या पाच प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली की सहाव्याचे उत्तर आपोआप मिळते.